बिनवासाचा स्प्रे

दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या, हातात स्प्रेचे डबे.

"हा गुलाबाचा घ्या ना, आई."

"नको गं. बंद गाडीत शिकणाऱ्याचं डोकं उठेल. घाम थांबला पाहिजे, पण वास नको."

"मग हा बिनवासाचा. तुमच्या काळ्या युनिफॉर्मवर पांढरे डागही पडणार नाहीत."

"सापडला बाई एकदाचा. साठाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकवायची नोकरी, आणि उद्या पहिलाच दिवस. आत्तापासूनच काखा ओल्या झाल्यात माझ्या."

"उद्या सातला पहिलं कोण येणार, कळलं का?"

"नाव नाही सांगितलं. कुणी अगदी नवखी बाई आहे म्हणे, स्टिअरिंगला कधी हातही न लावलेली."

"मीच ती, आई. म्हणून तर दोन डबे घेतलेत."