गोधडीत शिवलेली सनद

माझं माहेर सासवडाकडचं, लगीन होऊन आले ती पुण्यात बुधवार पेठेत, सासर शिंप्याचं, तवा सुई हाती आली ती आजवर सुटली न्हाई. मालक वाटसरूंसाठी कसे शिवायचे, पैका ठेवून कंबरेला बांधायच्या लांब पिशव्या, आन् म्हणायचे, कितीबी घट्ट शिव, चोराचा हात आधी कंबरेलाच जातो. ते गेले आन् शिवण माझ्याकडं आली.

शेजारी यशोदाबाई राहायची. तिचा नवरा मोहिमेत पडला, तवा सरकारनं पोराच्या नावानं साताऱ्याकडं जमीन दिली, पण सनद तिथल्या कचेरीत दाखवल्याबिगर ती नावावर चढत नव्हती, आन् सनदच गेली तर पोराचं सगळंच गेलं. म्हणाली, भागूबाई, तुम्ही बरोबर चला, मला एकटीला धीर न्हाई. काय सांगू तुम्हाला, धीर मला तरी कुठं व्हता, पण न्हाई कसं म्हणायचं.

मग वाटखर्चापुरतं कंबरेच्या कशात घातलं, बाकीचं दोघींच्या चोळ्यांच्या शिवणीत, आन् सनद मेणकापडात गुंडाळून पोराच्या गोधडीत शिवली. लमाणांच्या बैलांच्या तांड्याबरोबर निघालो, तर कात्रजच्या घाटात चोरांनी गाठलंच. कंबरेचे कसे काढा म्हणाले, सगळ्यांनी निमूट काढून दिले. थंडीचे दिवस, जाता जाता एकानं पोराची गोधडी ओढली. माझ्या तोंडून आपसूक निघालं, न्या दादा, पण पोराला देवी आल्यात, त्याच्या अंगावरचीच हाय ती. इस्तवावर पडल्यागत त्यानं हात मागं घेतला.

चोर गेले, पण तांडाबी आमच्यापासून लांब सरला. खोटं व्हतं म्हणून सांगावं, तर त्यात चोरांचंच कोणी असलं तर काय घ्या. घाटाखालच्या खेडच्या देवळात पोचलो तर ओवरीत कुणी घेईना, पोराला छातीशी धरून बाहेर वाऱ्यात बसलो. तवा तांड्यातली एक लमाणीण आली, तोंडभर देवीचे वण. म्हणाली, मला येऊन गेल्यात, मला कशाची भीती. पोराला मांडीवर घेतलं, पेज पाजली, आन् साताऱ्यापातुर तांडा सोडून आमच्याच संगं मागनं चालली. माझ्या जिवाला लागत व्हतं, पर बोलवंना.

कचेरीच्या दारात गोधडी उसवली, सनद निघाली, तवा त्या लमाणणीला सगळं सांगितलं. वाटलं, चिडंल. तिनं पोराची पाठ, पोट, तळपाय चाचपले, कुठं फोड न्हाई, आन् मटकन खालीच बसली. म्हणाली, माझा एवढाच व्हता, देवीत गेला, ह्याचं खोटं निघालं, लई बरं झालं बाई.

जमीन नावावर चढली, मायलेक तिकडंच सुखानं हायेत. ती लमाणीण काय पुन्हा दिसली न्हाई. माझी नजर आता अधू झालीया, सून दोरा ओवून देती तवा टाका पडतो. देवाजवळ एवढंच मागते, ती जिथं असंल तिथं तिला कुणीतरी ओवरीत घेवो.