हळदीला आलेल्या पाहुण्या

(जुईनगरजवळच्या गावात कमळाकर यांचं घर. अंगणात लग्नाचा मांडव अजून उभा. महापालिकेच्या डॉक्टर सुमेधा ओट्यावर बसल्या आहेत. कमळाकर आणि त्यांची बायको पुतळा समोर.)

सुमेधा : पण काका, हळदीला नक्की कोण कोण होतं?

कमळाकर : मॅडम, आमच्यात हलदीला बोलवाय लागत नाय. आक्खा गाव येतो. त्यात त्या फुटबॉलवाल्या पोरी माझ्याच बिल्डिंगमधी उतरलेल्या. परदेशातून खेलाय आल्यात, आन् खाली मांडव असताना वर पाव खात बसनार? मीच बोल्लो, चला.

सुमेधा : चांगलंच केलंत. पण त्यातल्या एकीला काल गोवर निघालाय. पुरळ यायच्या आधीपासूनच तो पसरतो. म्हणजे रविवारी ती इथे नाचत होती तेव्हाही.

कमळाकर : गोवर ना? आमाला सगल्यांना लानपनीच व्हऊन गेला. टेन्शन नका घेव.

सुमेधा : तुम्हाला झाला असेल. पोरांचं काय, सुनांचं काय? उद्या सकाळी देवळाच्या हॉलमध्ये लस देतोय. गोवर झालेला नाही, लसही घेतलेली नाही, अशा सगळ्यांना पाठवा.

कमळाकर : देवलाच्या भोंग्यावर सांगतो. अर्ध्या तासात आक्खा गाव हजर.

सुमेधा : एकच विचारते. घरात कुणी गरोदर?

कमळाकर : नाय.

सुमेधा : गावात?

कमळाकर : दिनानाथची लेक, बालंतपनाला आलीय. बाकी कोन नाय. मला म्हाईत नाय अशी गोष्ट या गावात नसते, मॅडम.

पुतळा : डाक्टर, गरोदर बाईनं ती लस घेतली तं?

सुमेधा : तिला आम्ही देतच नाही, काकू.

पुतळा : आन् गोवरच झाला तं?

सुमेधा : धोका असतो. आईला न्यूमोनिया होतो. कधी बाळही जातं.

कमळाकर : पुतले, तुझं काय मधीच? चाय टाक जा.

पुतळा : टाकते. आदी आयका. आपल्या सुनंला, नमिताला दिवस हायत. दुसरा मयना.

कमळाकर : आपल्या नमिताला? दिपेशच्या बायकोला?

पुतळा : हव.

कमळाकर : आन् मला नाय सांगलंस?

पुतळा : दोन येला सांगलं व्हतं. दोनी येलेस तुमी गावभर पेढं वाटलं, आन् दोनी येलेस पोरीचं पोट पडलं. यंदा मीच बोल्ले, तिसरा सरल्याबिगर कोनाला सांगाचा नाय.

सुमेधा : हळदीत ती त्या खेळाडूच्या जवळ होती?

पुतळा : हातात हात घालून नाचली. तिला आपला नाच शिकवत व्हती.

कमळाकर : मीच मायकात नाव पुकारून उठवली तिला. ती नाय बोलत व्हती, तरी.

सुमेधा : अजून वेळ आहे. रक्त तपासू. गरज असेल तर वेगळं इंजेक्शन देता येतं, पण ते सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. आत्ताच निघू.

कमळाकर : मंजे बाल वाचल ना?

सुमेधा : धोका कमी होईल. खात्री नाही देता येत मला.

पुतळा : खात्री आमाला कवा व्हती, डाक्टर? म्हनून तं गप व्हते.

कमळाकर : थांबा. मी भोंग्यावर येगलं सांगतो, गरोदर बायांनी पयलं येऊन डाक्टरला नाव—

पुतळा : भोंग्यावर सांगून कोन येनार नाय. तुमी बसा. नमिते, चपला घाल गो. जाता जाता आजून दोघींना घ्यायचं हाय.