ढब्बू आपणहून उठतो

हॅलो?… हो, बोल… अगं, तोंडात टाचण्या आहेत म्हणून आवाज असा येतोय. थांब, काढते… हं. बोल आता.

झोपतेय कसली? भर दुपारी मी कधी झोपलेय? शाळेचे गणवेश आलेत शिवायला. सगळ्या पँटींचे कमरपट्टे उलटे लावून ठेवले मी, आता बसलेय उसवत… लक्ष नाही गं, दुसरं काय.

हो, हो… अगं ऐक ना… तू मला बोलू देशील का आधी?

नाही केला डॉक्टरांना फोन.

वेळच आली नाही तर कशाला करू? डॉक्टर काय म्हणाले होते? तू होतीस की तेव्हा इथे. म्हणाले, कुत्र्याचं वय झालंय, मागचे पाय गेलेत, मूत्रपिंडं थकलीत, औषधांनी आता नुसते दिवस ढकलायचे. ज्या दिवशी ढब्बू आपणहून उठून तुमच्याजवळ यायचा थांबेल, त्या दिवशी मला बोलवा. घरी येऊन इंजेक्शन देईन, झोपेतच जाईल. असंच म्हणाले ना? मग? येतो की तो उठून. रोज सकाळी येतो.

कुठे काय, माझ्या मशिनपाशी. मी आंघोळीला जाते तेव्हा खिडकीखाली आपल्या जागेवर असतो. बाहेर येऊन बघावं तर हा मशिनखाली, पायडलला नाक लावून. अख्खी खोली ओलांडून येतो गं. इच्छा असल्याशिवाय येईल का कुणी?

खातो ना… बरं खातो. पातळ करून चमच्याने भरवते. एक चमचा त्याच्या पोटात, दोन माझ्या अंगावर… हो, होते जागच्या जागी. जुन्या चादरी फाडून ठेवल्यात, बदलते, धुते. तुझं नाही काढलं? तेव्हा कुणी डॉक्टर बोलावला नव्हता.

चिडत नाहीये मी… नाही चिडले म्हटलं ना.

एक मिनिट हं, कुणीतरी आलंय… या वहिनी. लांबी कमी करायचीय ना? ठेवा त्या खुर्चीवर. अहो, त्याला ओलांडून कशाला जाताय, इकडून या. नाही हो, चावत नाही. तो आता उठतसुद्धा… झोपलाय तो. उद्या संध्याकाळी या. दार ओढून घ्या जाताना…

हं, बोल. शेजारच्या वहिनी. नाकाला रुमाल लावून आली होती बया. आम्हाला नाही येत वास.

काय म्हणालीस?… कोण म्हणालं, बाबा?… हो, असतो. दुपारी बाबा जेवायला आले की दारात उभा असतो… चारी पायांवर, नाहीतर काय दोन पायांवर? गाडीचा आवाज ओळखतो, त्यांना फार कौतुक त्याचं. दिवसभर गाडी शिकवत शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतात, ब्रेकवर पाय ठेवून. घरी आल्यावर दारात हा दिसला की चेहरा कसा उजळतो माणसाचा… हो गं, स्वतःच उभा असतो.

अगं असतो म्हणजे असतो. उलटतपासणी काय चालवलीयेस?

…

थांब, कात्री खाली ठेवते जरा.

…

हे बघ, सांगते. पण बाबांच्या कानावर गेलं तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही. मी उभा करते त्याला. कोपऱ्यावर गाडी वळली की कळतं ना मला, ते शिकणारं पोर तिथे हमखास गिअर खरडतं. मग पोटाखालून टॉवेल घालायचा, उचलायचा, दारापाशी न्यायचा. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला स्टूल. टॉवेल काढून मी स्वयंपाकघरात. ते आत येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवेपर्यंत राहतो कसाबसा, मग बसतो. यांना वाटतं, भेट झाली, आता निवांत बसला.

का म्हणजे? त्यांच्यासाठी. त्यांना सोसणार नाही गं. तुझ्या लग्नानंतर घरात बोलायला त्यांना तोच. माझ्याशी काय बोलतात? मीठ कमी आहे, पंखा लाव. त्याच्याशी तासन् तास बोलतात. दारात दिसला नाही तर त्याच दिवशी समजतील ते, आणि मला… मला नाही बघवणार. आणि सकाळी माझ्यापाशी येतोच आहे ना तो. म्हणजे अजून आहे त्याच्यात जीव. दुपारी दमतो म्हणून थोडा हातभार लावला, एवढंच.

हसतेस काय?… हसत नाहीयेस?… अगं, रडायला काय झालं? बोल काहीतरी.

काय?… परत सांग.

कोण आणतं त्याला सकाळी? बाबा?

नाही. काहीतरीच काय. त्यांना वाकता येत नाही, कंबर धरते त्यांची. स्वतःचा बूट काढायला मला हाका मारतात… सतरंजीसकट?… ओढत?

मी आंघोळीला गेले की.

म्हणून ती सतरंजी रोज घडी घातलेली असते होय. मला वाटायचं, या वयात सुधारला माणूस. उभ्या जन्मात कधी अंथरुणाची घडी घातली नाही यांनी. मी मेली मनात खूश… कधी सांगितलं त्यांनी तुला?… आणि तू आज बोलतेस?… शपथ घातली होती? धन्य आहे तुम्हा बापलेकीची… हो, मीही आत्ता तेच करत होते. कळतंय मला. एकाच माळेचे मणी आपण सगळे.

काय म्हणाले नेमकं? जसंच्या तसं सांग… 'तुझ्या आईला सोसणार नाही.' असं म्हणाले?… हं.

थांब. जरा बसू दे मला… नाही, इथेच, खाली. त्याच्याजवळ बसलेय.

म्हणजे तो माझ्याकडे येत नाही. त्यांच्याकडेही येत नाही. कधीपासून गं?… पावसाळ्यापासून? आणि मी दुपारचं करतेय तेही तेव्हापासूनच.

अगं, दोन्हीकडून ओढलं आम्ही त्याला. सकाळी ते, दुपारी मी. टॉवेल लावला की कण्हायचा, आणि मी म्हणायचे, चल रे, नाटकी कुठला. नाटक कोण करत होतं? त्याला साधं पडून राहू दिलं नाही घरात कुणी. डॉक्टरांनी एवढी सोपी खूण सांगितली होती, मूल सांगेल इतकी सोपी. आणि आम्ही दोघं शहाणे, एकमेकांना ती खूण तयार करून दाखवत बसलो.

नको, समजूत नको घालूस. चुकलंच आमचं. प्रेमापोटी चुकलं म्हणून त्याचे पाय काही कमी दुखले नाहीत.

श्वास चालतोय… डोळा उघडलाय एक. माझ्याकडेच बघतोय असं नाही, असाच… पोट थरथरतंय.

गाडी आली बघ. ऐकलंस? खरडला गिअर… धर फोन, टॉवेल कुठे गेला, इथेच तर… 

…

नाही. नको. राहू दे.

हो, आहे मी. नाही उचलत त्याला. फोन ठेवू नकोस, मला एकटीला नाही जमायचं.

फाटक उघडलं… त्या शिकाऊ मुलीला सांगतायत, आरसा बघितल्याशिवाय मागे घेऊ नकोस… पायरीवर आले.

दारात थांबलेत. खाली बघतायत, रिकाम्या जागेकडे.

…

अहो, या आत. इथे आहे तो. खिडकीखाली.

नाही. नाही आला आज. बरेच दिवस येत नाहीये तो. मी आणून उभा करत होते… हो, मीच. दुपारचं मी. आणि सकाळचं कुणी ते मला कळलंय आत्ता. लेक आहे फोनवर. तिला नका रागावू. मलाही रागावू नका. या, बसा… हळू, कंबर सांभाळा. भिंतीला टेका.

…

अगं, बसलेत खाली. बूटसुद्धा काढले नाहीत. त्याच्या कानामागे खाजवतायत… रडतायत गं. रडू दे. मीही रडतेय, तूही रडतेस, कोण कुणाला गप्प करणार?

हं?… काय म्हणालात?… डॉक्टरांना विचारू म्हणता, आज येतील का?… हो, विचारते. जेवण राहू दे, जेवण कुठे पळून जातंय… तुम्ही नका उठू, मी लावते फोन. तुम्ही बसा त्याच्यापाशी.

ऐकलंस ना? लावते त्यांना… काय?

रविवारी?

अगं, आत्ता तूच तर भांडत होतीस माझ्याशी, फोन का केला नाही म्हणून… हो, माहितीये, रविवारी सुट्टी मिळेल तुला. माहितीये, रस्त्यावरून पिशवीत घालून तूच आणलं होतंस. तुझाच आहे तो, कोण नाही म्हणतंय?

नाही गं बाळा. रविवारपर्यंत नाही.

कारण रविवारी तू दारातून आत येशील, आणि तुला दिसावा म्हणून आम्ही दोघं मिळून उचलू त्याला. मला माझा भरवसा नाही, आणि यांचा तर अजिबात नाही… तू नको म्हटलंस तरी उचलू. ओळखतेस ना आम्हाला?

रागावलीस?… रागव. मी ऐकून घेईन. उद्या, परवा, पाहिजे तेवढं रागव.

हो… हो, मी डोकं मांडीवर घेईन त्याचं. बाबा पण असतील… हो, सांगेन. तुझं नाव घेऊन सांगेन, कानात. ऐकू येवो न येवो… मोठ्याने सांगेन.

ठेवू आता? डॉक्टर दवाखाना बंद करून जेवायला जातील… तू ठेव.

नाही ठेववत?

बरं. मी ठेवते.