डाव्या भुवईवरचं बोट

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच राजेश्वरीताई. लोणावळ्याच्या रविवारच्या गर्दीतून वाट काढत इथवर पोचलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त सुभेदारसाहेब. स्मारक समितीचे नवे चिटणीस निलेश. व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी आणि समोर बसलेले माझे सगळे गावकरी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

निलेशने मला शाल दिली आणि माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलला. त्यातलं मी चव्वेचाळीस वर्षं चिटणीस होतो एवढं खरं आहे. बाकीचे शब्द शालीबरोबर येतातच.

मी वडगावच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस. मला भाषणाची सवय नाही. दरवर्षी या दिवशी मी एकच ओळ वाचत आलो. महिपती घारे, मराठा पलटण, वय वीस, इटलीच्या लढाईत गोळी लागून पडले. ते माझे थोरले चुलते. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या नऊ वर्षं आधी ते गेले. इंग्रजांच्या लढाईत आमच्या घरचा माणूस का गेला, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नाही, आणि पुढे मीही विचारलं नाही.

आज निरोपाच्या दिवशी एक गोष्ट सांगायची आहे. सांगितल्याशिवाय खाली बसता येणार नाही. कारण महिपतींच्या पुतळ्याचं काम उद्या सोमवारी सुरू होणार आहे, आणि मूर्तिकाराला या भिंतीवरच्या त्यांच्या तसबिरीचा फोटो दिलेला आहे.

या तसबिरीतला चेहरा माझा आहे.

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक आहे. रतनभाऊ, तुम्ही हसा, तुम्ही तेव्हा हजर होता. पण तरुण मंडळींना कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

झालं असं. महिपतींचा फोटो कधी निघालाच नव्हता. समिती स्थापन झाली तेव्हा तसबीर हवी म्हणून लोणावळ्याहून हौशीराम पेंटरना बोलावलं. ते चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी माझ्या आजीला, म्हणजे महिपतींच्या आईला, चिमाबाईंना विचारलं, "आजी, पोरगा दिसायला कसा होता?" आजीने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे हात केला. "ह्याच्यावानी. ह्यालाच बसवा." मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. तीन दिवस स्टुलावर बसलो. रतनभाऊ म्हणाले होते, "बस गपचिप, फुकटात हुतात्मा व्हतोयस."

माझ्या आईला, झुंबरबाईला, हे कधी पटलं नाही. जित्या पोराच्या तसबिरीला हार घालतात म्हणून ती या दिवशी सभागृहात पाऊल टाकत नसे. घरी गेलो की मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. समितीला तिने काय काय म्हटलं ते पाहुण्यांसमोर सांगण्यासारखं नाही.

आजी मात्र दरवर्षी यायची. हार घातला की तिला पुढे न्यायचो. ती कुंकवाचं बोट लावायची, पण कपाळाच्या मधोमध नाही. डाव्या भुवईच्या वर. मी म्हणायचो, "आजी, हितं न्हाई, मधी लाव." ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे रं. त्याला तितंच लागतंय." लोक म्हणायचे, म्हातारीला दिसत नाही. तिला मोतीबिंदू होताच. ती मागे वळली की मी रुमालाने ते बोट पुसायचो आणि मधोमध नीट लावायचो. कार्यक्रम व्यवस्थित दिसावा, एवढाच हेतू. अकरा वर्षं पुसलं. मग आजी गेली.

गेल्या महिन्यात माझी नात समीक्षा हिने खटपट करून महिपतींच्या भरतीच्या कागदाची प्रत मागवली. एकच पान आहे. उंची पाच फूट चार इंच. ओळखीची खूण, डाव्या भुवईच्या वर जखमेचा व्रण.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. समीक्षाने विचारलं, "आजोबा, काय झालं?"

आजीला दिसत होतं. समोर चेहरा नातवाचा आहे हे तिला माहीत होतं, तिनेच तर निवडला होता. तेवढ्या एका जागेवर तिचा मुलगा होता. त्या जागेला ती वर्षातून एकदा बोट लावायची आणि ते मी पुसायचो. कचेरीच्या कामात मी इतकी नीट दुरुस्ती कधी केली नसेल.

खरं सांगतो, मी थकलो आहे. गुडघे थकलेत, ते चालायचंच. पण मी म्हातारा होत गेलो आणि समोर माझाच चेहरा विशीचा राहून हार घेत राहिला, त्याचा थकवा जास्त आहे. तो मान ज्याचा होता, त्याला तो मिळाला का?

म्हणून निलेश, माझा चेहरा धातूत ओतू नकोस. उद्या सकाळी मूर्तिकाराला फोन कर. त्याऐवजी दगडावर त्यांचं नाव कोरा, वय कोरा, आणि कागदावर आहे ती खूणही कोरा. त्यांच्या चेहऱ्याचं आपल्याजवळ तेवढंच आहे. तसबीर ठेवायची की उतरवायची, ते तुम्ही ठरवा. मी आता चिटणीस नाही.

पाहुण्यांना रस्त्यात उशीर झाल्यामुळे आज प्रतिमापूजन भाषणांनंतर ठेवलं आहे, हे बरंच झालं. राजेश्वरीताई, आपण कुंकू लावाल तेव्हा बोट डाव्या भुवईच्या वर टेकवा. आणि नंतर ते कुणी पुसू नका.

तुम्ही सर्वांनी इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, आज शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलताना कमी-जास्त झालं असेल, तर ते तुम्ही पोटात घालालच. अकरा वेळा जे झालं, त्याची माफी आजीकडे मागायची आहे. ती मी इथेच, सगळ्यांसमोर मागतो.