हेर योगलेकर

...आणि एवढं करून, तुम्हाला सांगतो, तेरा गावं, एकोणीस रकाने, प्रत्येक रकान्याला मार्क, असा तक्ता करून माणसाच्या पदरात शेवटी पडलं काय? तर दुसऱ्याचं आडनाव. आमच्या कपिलचं म्हणतोय मी. कपिल वाळिंबे. जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक तपासतो, बायको क्षितिजा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी स्वानंदी चार वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये. दोन खोल्यांचं घर, खिडकीसमोर पार्किंग. क्षितिजा एवढंच म्हणाली होती, "कपिल, मला खिडकीतून एक झाड दिसलं पाहिजे, बस." आता बायकोने झाड मागितलं तर साधा माणूस काय करेल? झाड शोधेल. हा तक्ता करायला बसला. रेल्वे किती मिनिटांवर, बालवाडी कशी, औषधांचं दुकान आहे का, जंगल किती लांब, रविवारी आवाज किती... रविवारच्या आवाजालासुद्धा मार्क दिले हो त्याने. स्टुटगार्ट पहिल्या फेरीतच बाद, चढ फार आणि घरं नाहीत. असं करत करत एक गाव उरलं, एकोणीसपैकी अठरा रकान्यांत पहिलं. नाव मी सांगणार नाही, तुम्ही उद्या बघायला जाल. गाव तसं फार छान आहे.

पण छान गावात घर मिळतं का? पंधरा महिने हा ईमेल करत होता. फोटो जोडून, पगाराचा दाखला जोडून, 'आम्ही धूम्रपान करत नाही, वाद्य वाजवत नाही', सगळं लिहून. कोणी उत्तर देईना. आणि एक दिवस फ्राउ, म्हणजे श्रीमती, हेबर्ले नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंची जाहिरात आली, याने लिहिलं, वीस मिनिटांत उत्तर. "शनिवारी अकराला या." बस. ना पगार विचारला, ना काही.

गेले तिघं. स्टेशनवर उतरणारे तेवढेच. रस्ता असा स्वच्छ की पाय ठेवायला संकोच वाटावा. खिडक्यांत लाल फुलं, दारं बंद, माणूस एक नाही. आणि तरी, कपिल सांगतो, प्रत्येक घर ओलांडलं की मागे पडदा सरकल्यासारखं वाटायचं. वळून बघावं तर पडदा जागच्या जागी. स्वानंदी, जी झोपेतसुद्धा बोलते, ती गप्प झाली आणि चवड्यांवर चालायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

पत्ता विचारायला बेकरीत शिरले. काउंटरमागच्या बाई यांच्याकडे बघून हसल्या आणि काही विचारायच्या आधी अर्धा काळा ब्रेड, कापलेला, आणि लोणी लावलेले दोन ब्रेट्सेल, म्हणजे वेटोळ्याचे खारे पाव, पिशवीत भरून पुढे केले. "नेहमीचंच ना, हेर योगलेकर?" हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत.

कपिलला वाटलं, झालं, इंडियन दिसला की योगा. याने अगदी समजुतीने सांगितलं, बाई, मी योगा करत नाही, माझी पाठ वाकत नाही. बाई म्हणाल्या, "गेनाऊ, गेनाऊ." म्हणजे बरोबर, बरोबर. काय बरोबर?

घर मात्र तुम्हाला सांगतो, बघत राहावं. स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकलेलं सफरचंदाचं झाड. क्षितिजाने ओट्यावर हात ठेवला तो उचलेचना. फ्राउ हेबर्लेंनी पासपोर्ट बघून, एकेक अक्षर जुळवून, करारावर 'वाळिंबे' लिहिलं, एकही चूक नाही. सह्या झाल्या. बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या, तर शेजारचे आजोबा कुंपण कापत होते. त्यांनी मान वर केली. आणि याच बाई, दोन मिनिटांपूर्वी 'वाळिंबे' लिहिणाऱ्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघा, हेर योगलेकर परत आले."

आजोबांच्या हातातली कात्री थांबली. डोळे भरून आले त्यांचे. कपिलने नुसता हात हलवला.

महिन्याने वरच्या मजल्यावर राहायला आले, खाली फ्राउ हेबर्ले. पत्रपेटीवर आपल्या नावाची पट्टी लावायला म्हणून कपिलने जुना चिकटलेला कागद खरवडला, आणि खाली फिकट अक्षरं निघाली. जोगळेकर. जर्मन माणूस 'ज'चा 'य' करतो, म्हणजे योगलेकर. योगा नव्हताच कुठे, यांच्याआधी इथे जोगळेकर राहत होते. कपिलला एवढं हायसं वाटलं म्हणता. हसला. म्हणाला, गैरसमज आहे, सांगून टाकू. आणि सुटला गावभर सांगत. टपालवाल्याला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, मी तो नव्हे, मी वाळिंबे. सगळे शांतपणे ऐकायचे, मान हलवायचे, आणि जाताना, "बरं तर, भेटू या, हेर योगलेकर." औषधांच्या दुकानातल्या बाईंनी तर विचारलं, "तुमच्या आईचा गुडघा कसा आहे?" हा म्हणाला, माझ्या आईचा गुडघा ठणठणीत आहे. घरी येऊन पुण्याला फोन लावला, तर पलीकडून आई, "अरे, कालपासून गुडघा धरलाय बघ, तुला कोणी सांगितलं?"

गाव तसं फार छान आहे. सगळे काळजी घेतात.

इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण चाललं होतं. मग स्वानंदी बालवाडीत जायला लागली. तिथे कोट टांगायला प्रत्येक मुलाचा हुक, हुकावर एक चित्र. हिच्या हुकावर साळिंदर, आणि खाली नाव, ईश्वरी. जोगळेकरांची मुलगी. क्षितिजाने सांगितलं, नाव बदला. बाई गोड हसल्या, "हो, हो," आणि स्वानंदीला भिंतीपाशी उभं करून उंची मोजली, जुना कागद काढला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "दोन वर्षांत ही चार सेंटिमीटर कमी झालीय. नीट जेवत नाही का?"

आणि लिहून घेतलं हो फाइलमध्ये. चार सेंटिमीटर कमी.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. दुपारी क्षितिजा खिडकीतून हाक मारतेय, स्वानंदी, चल खायला. पोरगी झाडाखाली बसलेली, मान वर करत नाही. तीनदा हाक मारली. मग कुंपणापलीकडून आजोबांनी हलक्या आवाजात म्हटलं, "ईश्वरी..." आणि ही टुणकन उठली. आत आली, हात धुतले, खुर्चीवर बसली. क्षितिजाने विचारलं, तुझं नाव काय गं? पोहे चावत, अगदी सहज, जर्मनमध्ये, "मी ईश्वरी."

क्षितिजा उठली. आतल्या खोलीत गेली आणि बॅग काढून तिच्यात पोरीचे कपडे भरायला लागली. कपिल कामावरून येईपर्यंत बॅग भरून दारात. म्हणाली, "मला झाड नको. मला माझी मुलगी पाहिजे."

आता मात्र कपिल हलला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारत विचारत नंबर मिळवला. उत्कर्ष जोगळेकर, आता रेगेन्सबर्गला, चांगला जिवंत माणूस. कपिलला आधी तेवढ्यानेच बरं वाटलं, कारण, खरं सांगतो, त्याच्या मनात भलतंसलतं यायला लागलं होतं. तर त्या उत्कर्षने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चूक आमची आहे हो. हेबर्ले आजींचा ईश्वरीवर फार जीव. नोकरी बदलली, निघायचं होतं, माझ्या बायकोला, देवश्रीला, त्यांना सांगवेना. मग आम्ही म्हटलं, भारतात चाललोय, सुट्टीला, परत येतो. अख्खं गाव स्टेशनवर आलं होतं सोडायला. मग परत फोन करायचा धीरच झाला नाही." आणि शेवटी, "गाव तसं फार छान आहे, नाही?"

कपिलच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारीची स्मरणशक्ती गेली असणार, तिला वाटतंय जोगळेकर परत आले, आणि गाव तिला सांभाळून घेतंय. वाईट वाटलं त्याला. पण मुलीचा प्रश्न होता. रविवारी चार वाजता केक घेऊन तो खाली गेला. समोर बसला आणि म्हणाला, फ्राउ हेबर्ले, तुम्हाला दुःख द्यायचं नाही मला, पण मी योगलेकर नाही.

बाईंनी केकचा तुकडा नीट चमच्यावर घेतला. खाल्ला. म्हणाल्या, "मला माहीत आहे. करार मीच लिहिला ना? ते उंच होते. आणि पाय पुसून घरात यायचे."

"मग..."

बाई पुढे झुकल्या, आवाज खाली आणला. "गावातली माणसं म्हातारी झालीत हो. तुम्ही घर बघायला येणार त्या सकाळी बेकरीवालीचा फोन आला, योगलेकर परत आलेत म्हणून. एवढी आनंदात होती ती. तिला कशी सांगू? तुम्हीही सांगू नका. मोडून पडतील सगळे."

दुसऱ्या दिवशी कपिल बेकरीत. दुकानात कोणी नाही बघून त्याने विचारलं. बाई काउंटरवरून वाकून, दाराकडे बघत, कुजबुजल्या, "हळू बोला. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण हेबर्ले बाईंसाठी चाललंय ना. दोन वर्षं वाट बघत होत्या बिचाऱ्या. त्यांनीच फोन केला होता त्या सकाळी, आले म्हणून."

कोणी कुणाला फोन केला होता? ती म्हणते हिने, ही म्हणते तिने. टपालवाला म्हणाला आजोबांसाठी, आजोबा म्हणाले बालवाडीतल्या बाईंसाठी. प्रत्येकाला खरं माहीत, आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणासाठी तरी सांभाळून घेतोय. कपिल रस्त्यात उभा राहिला. दोन्ही बाजूंना बंद दारं, लाल फुलं. मागे पडदा सरकला. या वेळी त्याने वळून बघितलं नाही.

घरी आला. क्षितिजा स्वयंपाकघरात, बॅग अजून दारातच. त्याने सगळं सांगितलं. ती खिडकीतून झाडाकडे बघत राहिली, त्याला नुकती बारीक हिरवी फळं धरली होती. खाली स्वानंदी आजोबांबरोबर पाणी घालत होती, खिदळत होती. क्षितिजाने विचारलं, "मग आता काय, पुन्हा घर शोधायचं?"

कपिलला ते पंधरा महिने आठवले. पगाराचे दाखले आठवले. 'आम्ही वाद्य वाजवत नाही' आठवलं. त्याने वाकून बॅग उचलली, आत नेऊन कपाटावर टाकली, आणि म्हणाला,

"जोगळेकर... तसं आडनाव वाईट नाही."