आईची फिल्म

राहुरीच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी बसलेला पोरगा बापाला बोलूच देईना, नुसता खेकसत होता. बाप जुना फोटोग्राफर. हात कापतात म्हणून मोठ्या लाकडी कॅमेऱ्याची फिल्म धुवायचं काम आता पोराकडे दिलेलं.

"कळलं हो बाबा! अंधारात धुवायची."

"लाल दिवासुद्धा नको, गंधार. तो फोटोच्या कागदाला चालतो, या फिल्मला नाही. दाराच्या फटीला काळं कापड लाव."

"लावतो."

"ट्रे हळूहळू हलवत राहा. नख लागू देऊ नकोस, ओरखडा उठतो. हा तुझ्या आईचा शेवटचा फोटो. तू येत नाहीस म्हणून तुझ्यासाठी काढायला लावला तिनं. उठवत नव्हतं, तरी बसली, पदर सारखा केला."

"बाबा…"

"काय रे?"

"काल मी फिल्म ठेवलेल्या होल्डरचं झाकण सरकवलं होतं. म्हटलं, आई दिसेल."

"अंधारात ना?"

"नाही. गच्चीवर, उन्हात."

"पूर्ण सरकवलंस?"

"पूर्ण."

"मग आता धुवायला काही उरलं नाही, बाळा."

मला राहवलं नाही.

"पोरा, आईला बघायची येवढी घाई हुती, तर ती जिती हुती तवा यायचं हुतंस."