पाल पाळायची म्हणजे

मला वाटलं होतं, पाल पाळते म्हटल्यावर आई मला पालीसकट घराबाहेर काढेल. बेंगळुरूला प्राणिशास्त्र शिकून भिवंडीत परतले होते. लोकांच्या मनातली पालीची भीती घालवायचा चंगच बांधला होता, त्यामुळे भांडणाची पूर्ण तयारी होती. स्वयंपाकघरातली पाल पकडून काचेच्या पेटीत ठेवली, तर आईने एवढंच विचारलं, "खाते काय ही?"

तिथेच अडलं. पाल जिवंत, हलणारा किडाच खाते, आणि झाकलेल्या पेटीत किडे येणार कुठून? उपासाने तिची शेपटी बारीक व्हायला लागली तसं सगळं घर शिकारीला लागलं. बाबा पॉवरलूमच्या कारखान्यातल्या शिफ्टवरून येताना तिथल्या दिव्याखालची बारीक पाखरं काडेपेटीत घालून आणायचे. शेजारच्या रुबीनाचाची ग्लासावर हात दाबून दारात उभ्या राहायच्या, "ले बेटा, जिंदा है. पर मेरे सामने मत खिलाना!"

एका संध्याकाळी आई स्टुलावर चढून ट्यूबलाइटपाशी पाखरू धरायला गेली आणि तिचा तोल गेला. मी धरलं म्हणून वाचली. खाली उतरून पदर खोचत म्हणाली, "बाय, भिंतीवर होती तवा ती आपले डास खायची. आता तिच्यासाठी आपण भिंतीवर चढतोय. पाळलंय कोणी कोणाला?"

बाबा इतके हसले की काडेपेटीतलं पाखरू उडून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी भिंतीला टेकवून झाकण काढलं. पाल पाळायचीच, असं ठरवलं. फक्त पोटाचं तिचं तिने बघायचं.